सव्वीस झगे आणि थोरलीचे गुडघे

मी शिवणाच्या दुकानातला टेप बोलतोय, आणि आईशप्पथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आता मला आई नाही, हा भाग वेगळा. मी कारखान्यात जन्मलो. एका लांबच लांब पट्टीतून त्या दिवशी माझे चारशे भाऊ कापले गेले. की चाळीस? असो. शपथ घेतली आहे ना, मग आकड्यांवरून हटकू नका. आकडे सांगणं हाच माझा धंदा, आणि धंद्यावरून बोललेलं कुणालाच खपत नाही.

अंग सुती, वर पिवळं रोगण, त्यावर काळ्या रेघा. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या. नवा होतो तेव्हा असा ताठ होतो की गुंडाळायला घेतलं तर सुटून हातावर फटका मारायचो.

मला विकत घेतलं ते एका आत्याने. दुकान तिचंच, दारावरची पाटीही तिच्याच नावाची. तिला दोन भाच्या होत्या, एक थोरली आणि एक धाकटी. आत्याचे डोळे अधू झाले तेव्हा तिने मशीन धाकटीच्या हवाली केलं आणि कात्री हातात देऊन मला थोरलीच्या गळ्यात घातलं. "हिचा हात सरळ, तिचा डोळा सरळ. दोघी मिळून एक शिंपीण होईल," असं म्हणाली होती. त्याला आता बावीस वर्षं झाली. धाकटी मशीन चालवते, थोरली मापं घेते आणि कापते. धाकटीने एकदा झग्याची खालची कड मापली होती, तर झगा एका बाजूने घोट्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने पोटरीपर्यंत. घालणारी बाई चालताना वळण घेतेय असंच वाटायचं.

माणसांचं म्हणाल, तर मी फार माणसं कवेत घेतली. एक गोष्ट सगळ्यांची सारखी. मी कमरेभोवती आलो की श्वास वर आणि पोट आत. न्यायाधीशबाई असो, मासे विकणारी असो, मी आलो की सगळ्या पाठ करून आल्यासारख्या ताठ. थोरली मग काहीतरी भलतंच विचारायची, "खिसा डावीकडे की उजवीकडे?" उत्तर द्यायला तोंड उघडलं की श्वास सुटायचा, पोट जागेवर यायचं, आणि तेवढ्यात ती आकडा टिपून घ्यायची. जगाची अशी पोटं सोडायला लावणारी ही बाई स्वतःचं माप घेताना मात्र काय करायची, ते पुढे येतंच.

थोरलीची एक्कावन्नाव्या वर्षी पाळी गेली. मला आधी कळलं. कारण मी तिच्या गळ्यात. भर कामात एकदम छातीतून वाफ वर यायची, गळा, कान, कपाळ लाल व्हायचं, आणि मी घामाने चिंब. पंखा डोक्यावर फिरत असायचा तरी ती वहीने वारा घेत बसायची. धाकटी म्हणायची, "ताई, तुझ्यावर इस्त्री तापवून घेऊ का? वीज वाचेल."

आणि त्याच सुमाराला कंबर वाढायला लागली. शिवणाऱ्या बाईचं एक बरं असतं, तिला नवे कपडे घ्यावे लागत नाहीत. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. थोरली शनिवारी दुपारी दार लोटून आपलाच एखादा झगा घ्यायची, शिवण उसवायची आणि माया मोकळी करायची. अर्धा इंच. पुढच्या महिन्यात आणखी अर्धा. तिसऱ्या खेपेला शिवणीत काहीच उरलं नव्हतं. नुसती कापडाची कड, धागे निघालेली.

मला याचं फार कुतूहल. खाणं तेच होतं. मी डोळ्यांनी बघत होतो. (मला डोळे नाहीत, पण गळ्यात लोंबणाऱ्याला ताट बरोबर दिसतं.) दोन वर्षांत कंबर दोन इंच वाढली, आणि त्याच दोन वर्षांत दंड पाऊण इंच कमी झाला. मांडीही उतरली. म्हणजे कोणीतरी हातापायांतून माल चोरून कमरेवर साठवत होतं. चोर कोण, ते मला कळेना. मी फक्त घेर सांगतो, आत काय भरलंय ते माझ्या बापाच्याने सांगता येत नाही.

मग तो मंगळवार आला. ग्रंथालयातल्या बाई लांब झगा घालून आरशासमोर उभ्या होत्या. लांब झग्याची कड नीट यायची तर मापणाऱ्याने जमिनीवर गुडघे टेकून, पट्टी उभी धरून, चहूकडून टाचण्या लावायच्या असतात. थोरली बसली, टाचण्या लावल्या, काम झालं. आणि उठताच येईना. एक हात जमिनीवर टेकला, गुडघा उचलला, पुन्हा खाली. ग्रंथालयवाल्या बाई आरशात पाहत होत्या, म्हणून थोरलीने फरशी चाचपायला सुरुवात केली.

"काय झालं हो?"

"काही नाही, एक टाचणी पडली वाटतं."

ती न पडलेली टाचणी शोधायला तिने इतका वेळ घेतला की ग्रंथालयवाल्या बाईंचं पिशवीतलं एक अख्खं पुस्तक वाचून झालं. शेवटी धाकटी मशीनवरून उठली, मागून आली आणि दोन्ही काखांत हात घालून तिने बहिणीला उभं केलं.

बाई गेल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, कड मापणं बंद करू या. छोटीमोठी दुरुस्तीची कामं घेऊ. चेन बदलणं, बटणं लावणं."

"म्हणजे दुकान बंदच कर ना."

"मी तसं म्हटलं का?"

"बटणं लावायला माणसं शिंपिणीकडे येत नाहीत, धाकटे. बटणं लावायला नवरे असतात."

थोरलीला स्वतःचा एक नवरा होता. बेकरी चालवायचा, म्हणून सगळे त्याला बेकरीवाला म्हणायचे. रोज उरलेले पाव आणि तुटकी बिस्किटं घरी आणायचा. तुटलेल्या बिस्किटात काही नसतं, सगळं तुटताना सांडून जातं, अशी त्या घराची श्रद्धा होती. (थोरली मला गळ्यातच घेऊन घरी जायची, म्हणून घरचंही मला ठाऊक.) त्या संध्याकाळी थोरली म्हणाली, "अहो, मी जाड झालेय." तो म्हणाला, "अगं, जाड कसली? तुझं पीठ जरा उशिरा फुगलं." ती तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी घरात वजनकाटा आला. काचेचा, चपटा. मला तो पहिल्यापासून आवडला नाही. "तू फक्त भोवती फिरतोस," तो मला म्हणाला, "मी सगळा भार सोसतो." मी म्हटलं, "सोसतोस, पण काय सोसतोस ते तुला कळतं का? लोखंड, कापूस, तुला सगळं सारखंच." आमचं तेव्हापासून वाकडं.

थोरलीने उपाशी राहायचं ठरवलं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री कोबीचं पाणीदार सूप. वजनकाटा खूश. चौऱ्याहत्तर, बहात्तर, तीन आठवड्यांत सत्तर. ती काट्यावरून उतरताना भिंत धरायची, हे त्याला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मला गुंडाळता गुंडाळता दोनदा खाली पाडायची. धाकटी चहा पुढे करायची तर ही खेकसायची, "मला नको आग्रह करूस!"

आणि मग तिने शाळेतल्या हेडबाईंचा कोट कापला. निळं, जाड, महागामोलाचं कापड, तेवढंच होतं. कात्री चालली, तुकडे धाकटीच्या हातात गेले. धाकटीने एक बाही उलटीसुलटी केली, दुसरी केली, दोन्ही एकमेकींवर ठेवल्या.

"ताई, हेडबाईंना दोन्ही हात डावे आहेत का गं?"

थोरलीने पाहिलं. कापडाची घडी घालायची ती विसरली होती, आणि एकाच बाजूने दोन बाह्या कापून ठेवल्या होत्या. दोन्ही डाव्या. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. ती हसायला लागली, आणि हसता हसता खाली बसली ती घेरी येऊन. धाकटीने तोंडावर पाणी मारलं, पाव चारला, आणि दुकानाचं दार ओढून घेऊन तिला सरळ डॉक्टरीणबाईंकडे नेलं. घाईत मी गळ्यातच राहिलो. म्हणून पुढचं सगळं मी स्वतः ऐकलं.

डॉक्टरीणबाईही पन्नाशीच्या पुढच्या. टेबलावर छोटा पंखा, त्याचं तोंड स्वतःकडेच वळवलेलं. रक्तदाब झाला, रक्त काढून झालं. मग विचारलं, "कंबर किती?"

"त्र्याण्णव सेंटिमीटर. मीच मोजलीय. माझा धंदाच तो."

"उभ्या राहा बरं." त्यांनी आपला टेप काढला. पांढरा, गुळगुळीत, पोरसवदा. "श्वास सोडा. सोडा हो! पोट आत घेऊ नका, मीही तेच करते, मला सगळं माहीत आहे." मग वाकून पाहिलं. "पंच्याण्णव."

"शक्यच नाही," थोरली म्हणाली, आणि मला गळ्यातून काढलं.

आम्हा दोघांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. टोकाला टोक जुळवलं. आणि दुसऱ्या टोकाला मी त्याच्यापेक्षा तीन सेंटिमीटर पुढे लोंबत होतो.

ताणलो होतो मी. बावीस वर्षं ओढून ओढून सुताचं दुसरं काय होणार? माझा एक इंच म्हणजे जगाचा एक इंच आणि वर चिमूटभर. त्यामुळे मी प्रत्येकीला थोडं बारीकच सांगत आलो. थोरलीचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे बावीस वर्षं मी सगळ्यांना चुकीचं मापतेय? मग कपडे कसे बसतात?"

धाकटी म्हणाली, "अगं, बाई मापलीस याच टेपने, आणि कापडही मापलंस याच टेपने. दोन्हीकडे सारखाच खोटारडा. बसणार नाहीत तर काय!"

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांचा पंखा पडला. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "हे बघा, पाळी गेली की चरबी जागा बदलते. मांड्यांकडे जायची ती पोटाकडे वळते. आणि वय वाढतं तसे स्नायू झिजतात. स्नायू कमी झाले की शरीराला अन्न कमी लागतं. ताट मात्र चाळिशीतलंच असतं."

"म्हणून तर ताट कमी केलं."

"चार किलो गेले म्हणालात. त्यात स्नायू किती गेले? काट्याने सांगितलं?"

मी त्या क्षणी, पकडला गेलेला असूनही, मनातल्या मनात टाळी वाजवली. चोर सापडला नव्हता, पण चोरीची वाट तरी कळली. दंड का उतरले, कंबर का चढली, ते आत्ता उलगडलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर फार काही लिहिलं नाही. प्रत्येक जेवणात अंडं, डाळ, मासा, दही यांतलं काहीतरी ठेवा. अर्धं ताट भाजी. पाव एकच, आणि तो पाव आहे हे मान्य करून खायचा. रोज झपाझप चालणं. आणि आठवड्यातून तीनदा अंगाला जोर पडेल असं काहीतरी. "तुम्हाला नक्की काय जमायला हवंय?" त्यांनी विचारलं.

थोरली म्हणाली, "जमिनीवरून उठायला हवंय. हात न धरता."

"मग तेच करा. उठा. बसा. आधी उंचावरून, मग खालून. घाई नको."

त्याच आठवड्यात गाण्याच्या मंडळाच्या बाई दुकानात आल्या. पाच महिन्यांनी कार्यक्रम, सव्वीस गायिका, सगळ्यांना पायघोळ झगे. आणि सगळ्यांची कड जमिनीपासून बरोबर दोन बोटं वर हवी, म्हणजे मंचावर एक रेघ दिसेल. धाकटीने बहिणीकडे पाहिलं. सव्वीस झगे म्हणजे सव्वीस वेळा जमिनीवर. थोरली म्हणाली, "घेतलं."

मंडळाच्या बाई गेल्यावर धाकटी उसळली. "वेड लागलंय का? त्यांना टेबलावर उभं करणार आहेस?"

"त्यातल्या निम्म्या साठीच्या आहेत. टेबलावर चढवायच्या कशा, आणि चढल्या तर उतरवायच्या कशा?"

"मग?"

"जमलं तर दुकान आहे तसं चालेल. नाही जमलं तर तू म्हणतेस तसं, बटणं. आत्याची पाटी मी स्वतः उतरवीन."

सुरुवात कापडाच्या ताग्यांपासून झाली. गुंडाळलेले सहा जाड तागे एकावर एक रचले की खुर्चीएवढी उंची होते. थोरली दुपारी जेवणाआधी त्यांच्यावर बसायची आणि छातीवर हाताची घडी घालून उठायची. दहा वेळा. थांबायची. पुन्हा दहा. दर तीन आठवड्यांनी एक तागा काढायचा. जाड कापडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या दोघींनी पिशव्या शिवल्या, दुहेरी टाक्यांच्या, त्यांत वाळू भरली, एक किलोच्या दोन आणि दोन किलोच्या दोन. त्या घेऊन हात वर, हात खाली. एक पिशवी पहिल्याच दिवशी फुटली, कारण ती शिवली होती धाकटीने, आणि बोलता बोलता. मग दुकानभर वाळू, आणि "हात सरळ म्हणे!" "तू भरलीस किती ते बघ आधी!" असा अर्धा तास.

सकाळी नवरा-बायको चालायला जायचे. पहिल्या दिवशी बेकरीवाला कोपऱ्यापर्यंत गेला आणि "बूट चावतो" म्हणून परतला. दुसऱ्या दिवशी दुसरा बूट चावला. तिसऱ्या दिवशी थोरली म्हणाली, "अनवाणी या." त्यानंतर बूट चावले नाहीत. तुटकी बिस्किटं तो शेजाऱ्यांना वाटू लागला. सगळी नाही. एका रविवारी थोरलीने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अकरा खाल्ली, मी मोजली. पण सोमवारी तिने लिंबूपाणी घेतलं नाही. नेहमीसारखी अंडी खाल्ली आणि ताग्यांवर जाऊन बसली. आधीची थोरली असती तर त्या अकरांसाठी आठवडाभर उपाशी राहिली असती.

वजनकाटा मात्र हटून बसला. उपासाने गेलेलं परत आलं होतं. मग त्र्याहत्तर, त्र्याहत्तर, त्र्याहत्तर. सात आठवडे तो एकच पाढा. "बघ, काही होत नाहीये," तो मला म्हणायचा. थोरलीलाही तसंच वाटलं. एका दुपारी तिने वाळूची पिशवी भिंतीवर फेकली आणि म्हणाली, "पन्नाशीनंतर काही होत नसतं."

धाकटीने खणातून नवा टेप काढला. हो, नवा आणला होता, मला न विचारता. "श्वास सोड, ताई. खिसा डावीकडे की उजवीकडे?"

"कसला खि—"

"ब्याण्णव."

"खोटं."

"हा नवा आहे, अजून खोटं शिकला नाही. थांब, दंड बघू दे." दंड अर्धा इंच वाढला होता. थोरलीने भिंतीपाशी जाऊन पिशवी उचलली, झटकली, शिवण तपासली.

आता माझं काय, असं तुम्ही विचाराल. मला कचऱ्यात टाकणार होते. पण मापांच्या वहीत बावीस वर्षांची माणसं लिहिलेली होती, आणि ती सगळी माझ्या इंचांत. नव्या टेपने कापड कापलं तर जुन्या गिऱ्हाइकांचे सगळे कपडे घट्ट होणार. तेव्हा गिऱ्हाइकांना मी, आणि थोरलीच्या कमरेला तो, अशी वाटणी झाली. अपमान गिळला. पोटाला काय, मला पोटच नाही.

झगे मापण्याचा दिवस आला तेव्हा एकही तागा उरला नव्हता. सव्वीस बाया दुकानाबाहेर गल्लीत रांग लावून, गाणी म्हणत. थोरलीने गुडघ्यांवर जाड फडक्याच्या पट्ट्या बांधल्या. पहिली बाई आत आली. थोरली खाली बसली, एक गुडघा टेकून, दुसरं पाऊल पुढे, शिकली होती तसं. पट्टी, टाचणी, पट्टी, टाचणी. आणि उठली. हात छातीशी. धाकटी मशीनवर बसून कापडाकडे बघत होती आणि ओठांत मोजत होती. दुसरी. पाचवी. दहावी. बारावीला एक वाफ आली, थोरली लाल झाली, दोन मिनिटं दारात उभी राहिली आणि परत खाली बसली. पंधरावी. अठरावी. अशा सव्वीसच्या सव्वीस झाल्या, हात न धरता, आणि सव्वीस कडा मंचावर एका रेघेत दिसल्या.

शपथेचा शेवट शपथेनेच करायचा, तर कबूल करतो. वजनकाटा माझ्याशी कधीच बोलला नाही. ते भांडण मी रचलं, कारण मला तो आवडत नाही. ग्रंथालयवाल्या बाईंचं पुस्तक अख्खं वाचून झालं नव्हतं, चार पानं झाली असतील. बिस्किटं अकरा नव्हे, चौदा. आणि हात न धरता सव्वीस, तेही खोटं. ती एकोणीस वेळा आपली आपण उठली. विसाव्या बाईपाशी पाय थरथरला. तेव्हा तिने मान वर केली आणि सरळ म्हणाली, "हात द्या हो जरा." त्या बाईने दिला. पुढच्या सहाजणींनीही दिला, न मागता. कडा मात्र खरोखर एका रेघेत होत्या. आत्याची पाटी आजही दारावर आहे, आणि ताग्यांवर कुणी कुणी मंडळातल्या बाया येऊन बसतात, उठतात.

मी खिळ्यावर लोंबतोय. रोगण उडालंय, एक टोपी हरवलीय, अठ्ठावीस ते एकतीसमधल्या रेघा घासून गेल्यात. तेवढ्यापुरतं तुमचं माप तुम्हीच अंदाजाने धरा. येतो मी. नाही, थांबा, एक राहिलं. हे रचलेलं नाही. त्या दिवशी सगळ्या गेल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, एकोणीस!" थोरली गुडघ्याच्या पट्ट्या सोडत होती. म्हणाली, "मोजत होतीस होय? मग लिहून ठेव. पुढच्या खेपेला वीस."